पंखाला घातलेले टाके

आमच्याकडे एक विमान आहे हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. केवढ्याला पडलं, ठेवता कुठे, आम्हाला कधी बसवता. शेवटच्या प्रश्नाला कितीतरी वर्षं माझ्याकडे एकच उत्तर होतं, ते उडत नाही. मग समोरची बाई माझ्याकडे, आमच्या घरात एखादा बिनकामाचा जावई येऊन राहिला असावा तशी बघायची आणि चहाचं आधण ठेवायला उठायची.

हा उद्योग माझ्या नवऱ्याचा. हे एअरफोर्समध्ये तंत्रज्ञ होते. उमेदीची सगळी वर्षं यांनी दुसऱ्यांनी उडवायची विमानं नीट केली. पायलट येणार, बसणार, उडून जाणार. हे खाली उभं राहून इंजिनाचा आवाज ऐकणार. विमान परत आलं की पायलटला विचारायचं, काही जड लागलं का, काही वाजत होतं का, आणि पुन्हा पाना घेऊन खाली घुसायचं. निवृत्त झाल्यावर इस्लामपूरजवळ मळ्यात घर बांधलं. मला वाटलं, आता हा माणूस ऊस बघेल, संध्याकाळी चार लोकांत बसेल. यांनी काय केलं, तर उतारवयात जाऊन विमान चालवायचा परवाना काढला, आणि एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या कोपऱ्यातून हे धूड विकत आणलं.

दोन माणसांचं विमान. माझ्या वयाहून थोरलं. धड लोखंडी नळ्यांचं, पंख लाकडी सांगाड्याचे, आणि त्या सगळ्यावर कापड ताणलेलं. हो, कापड. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसले होते. मी सांगलीची, कन्याशाळेत शिवणकाम शिकवत होते. मी हसले तेव्हा यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यावरूनच मी सावध व्हायला हवं होतं.

विमानाचं धड कराडजवळच्या धावपट्टीकडेला भाड्याच्या शेडमध्ये राहिलं. पंख सोडवून उसाच्या ट्रॉलीत घालून मळ्यात आणले. तेव्हापासून आमच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये म्हशीपेक्षा पंखांची बडदास्त जास्त.

या खेळातली एक अट मला फार उशिरा कळली. विमान उडायच्या लायकीचं आहे असा दाखला लागतो, आणि उडवणारा धडधाकट आहे असा डॉक्टरांचा दाखला लागतो. दोन्ही एकाच वेळी चालू असावे लागतात. विमान वर्षावर्षाला तरुण होत होतं, कारण आम्ही त्याचं एकेक हाड बदलत होतो. यांचं तसं करता येत नव्हतं. आपलं विमान आपल्या हातांनी एकदा उचलायचं आणि कृष्णेवरून एक फेरी मारून यायचं, एवढंच यांचं मागणं. फार नव्हतं. पण ते अडायचं असं काही ठरवल्यासारखं, की वैताग यावा.

इंधनाचंच घ्या. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असतं. इंजिन नुसतं चालवून बघायला यांनी एकदा ते भरलं, तर आतल्या जुन्या रबरी नळ्या फुगून पिठासारख्या मऊ पडल्या. इथेनॉल कशाचं, तर उसाचं. म्हणजे आम्हीच लावलेला आणि आम्हीच कारखान्याला घातलेला ऊस फिरून आमच्याच विमानाच्या नळ्या खायला आला. तेव्हापासून विमानाचं वेगळं पेट्रोल लांबून पिंपात यायला लागलं, आणि त्या पिंपासाठी धरावे लागणारे पाय वेगळे. नळ्या बदलल्या तर वेग मोजायच्या नळीत कुंभारमाशीने मातीचं घर केलं. ते काढलं तर उंदरांनी सीटचा फोम पळवला. चाकाचा टायर परदेशातून मागवला तो आला तेव्हा दुसऱ्याच मापाचा निघाला, आणि हे तो हातात फिरवत म्हणाले, "टायर चांगला हाय पण." त्या दिवशी मी जेवले नाही.

कापडाचं तर विचारू नका. कापड ताणून शिवलं की त्यावर डोप नावाचं उग्र वासाचं रोगण देतात, त्याने ते आवळून ढोलाच्या पानासारखं वाजायला लागतं. पावसाळ्यात हे रोगण लावलं तर दमट हवेने त्यावर पांढरी साय धरते. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तर तेव्हा आमच्या भागातल्या कारखान्यांची धुराडी पेटतात आणि काजळी उडत येऊन ओल्या रोगणावर बसते. वाळत घातलेल्या साड्यांवर ती बसते ते मी सोसलं आहे, पण पंखाला ते चालत नाही. राहता राहिला उन्हाळा. भर उन्हाळ्यात, पत्र्याखाली, त्या वासात.

टाके घालायला दोघं लागतात. पंख कडेवर उभा करायचा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे. वितीहून लांब सुई. मी इकडून कापडात घालायची, ती आतल्या लाकडी पट्टीला घासून पलीकडे निघायची. यांनी ती ओढून पट्टीच्या दुसऱ्या अंगाने मला परत पाठवायची. मग मेण चोळलेला दोरा आवळून गाठ, आणि पुढचा टाका. मध्ये पंख असल्यामुळे माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. सगळ्या संसारात आम्ही बोललो नसू इतकं त्या उन्हाळ्यात पंखाच्या आरपार बोललो. अर्धं भांडणच होतं. पुण्याहून एक परवानाधारक इंजिनियर यायचे. काम आम्ही करायचं, तपासून सही त्यांनी करायची. त्यांनी माझ्या गाठी नखाने उचकटून पाहिल्या आणि एकीलाही नाव ठेवलं नाही. मला बरं वाटलं, हे मी यांना कळू दिलं नाही.

पावसाळा सरेपर्यंत दोन्ही पंख तयार झाले. ट्रॉलीत घालून कराडला न्यायचे, जोडायचे, तपासणी, आणि कारखाने सुरू व्हायच्या आत उड्डाण, असा बेत ठरला. यांच्या डॉक्टरी तपासणीची तारीख पुण्यात मिळाली, ती नेमकी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आम्ही गेलो. हे पास झाले. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी येताना पुणे-कराड रस्त्यावरच्या खंडाळ्यात थांबून यांनी मला मिसळ खाऊ घातली आणि माझ्या ताटलीतला पावही खाल्ला, माणूस इतका खुशीत होता.

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा असते. ट्रॅक्टर, नांगर, मोटारसायकल, विहिरीवरची मोटर, खुरपीसुद्धा, सगळं धुऊन लख्ख करायचं, गंध-फूल वाहायचं, नारळ फोडायचा. हे सगळं माझे धाकटे दीर करतात. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच आहे. घरी पोचलो तेव्हा अंगणात ट्रॅक्टर झेंडूच्या माळेत उभा होता, आणि त्याच्या शेजारी, भिंतीला टेकवून, आमचे दोन पंख. त्यांच्यावर कुंकवाचं स्वस्तिक. त्यांच्याही गळ्यात माळ. खालची जमीन ओली.

"वैनी, बघा की," दीर म्हणाले. औषध फवारायचा एचटीपी पंप अजून ट्रॅक्टरला जोडलेला होता. "दादाचं इमान म्हनल्यावर त्येला बी अंगुळ नगं व्हय? लय धूळ हुती."

त्या पंपाची धार ट्रॅक्टरच्या चाकात वाळलेला चिखल सोलून काढते. टाक्यांवरून चिकटवलेल्या कापडी पट्ट्या उचकटल्या होत्या. एका जागी कापड चिरलं होतं. तेवढ्याचं मी बघून घेतलं असतं. पण पाणी आत शिरलं होतं, आणि खालच्या बारीक भोकांतून थेंब थेंब गळत होतं. लाकडाचे सांधे जुन्या काळच्या सरसाने जोडलेले असतात आणि त्या सरसाला पाणी चालत नाही, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. हे खाली वाकले, गळणाऱ्या भोकाखाली तळहात धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग उठून भावाच्या पाठीवर तोच ओला हात ठेवला.

"झ्याक धुतलंस, गड्या."

मी घरात जाऊन भांडी आपटली. दुसरं काय करणार होते? हे आत आले तेव्हा मी म्हणाले, "सांगा त्यांना. तुम्हाला जमत नसेल तर मी सांगते."

"काय सांगणार?"

"वर्षाचं काम पाण्यात घातलंत म्हणून सांगणार. तुमचे डोळे, तुमचं हृदय पुढच्या वर्षी असंच राहील याची हमी देणार आहेत का ते?"

हे पाटावर बसले. "आई-बापाचं शेवटपत्तूर त्यानं केलं. मी वर्षातनं एकदा सुट्टीवर यायचो, पाव्हण्यागत. त्यो हितं हुता म्हणून मी तिकडं हुतो. आता एका कापडासाठी त्याला खाली मान घालाय लावू?"

एका कापडासाठी. ते कापड मी शिवलं होतं. भावाचं मन जपायचं तर माझ्या हातांना काही किंमत नाही, असंच यांनी मला तोंडावर सांगितलं, आणि त्यांना ते कळलंही नाही. मी पुष्कळ दिवस कामापुरतंच बोलत होते.

इंजिनियर आले, त्यांनी लाकडावर बोटाने टकटक करून कान लावला आणि कापड काढा म्हणाले. सगळं. माझे टाके मीच ब्लेडने कापले. दिरांनी विचारलं तेव्हा यांनी सांगितलं, "लाकूड जुनं झालतं. उघडायचंच हुतं कवा तरी." दीर मान हलवून गेले. मला वाटलं, त्यांना पटलं. मी रोज सकाळी त्यांना चहा द्यायची आणि रोज ठरवायची की आज सांगायचं. यांची शपथ नव्हती मला. नुसती यांची नजर असायची.

थंडीभर काजळी पडत राहिली. हे सांधे सोडवून नव्या सरसाने जोडत बसले. उन्हाळा लागला आणि पुन्हा कापड, पुन्हा सुई. पण या खेपेला यांना फार वेळ खाली बसवेना. धाप लागायची. उन्हाने होतंय, असं मी म्हणत होते. मग दुपारी, विहिरीच्या मोटरीला लाईट नसायची तेव्हा, दीर येऊन पंखाच्या पलीकडे बसायला लागले.

त्यांच्या हाताला सुईची सवय नाही. सुई वाकडी यायची, मी परत पाठवायची. तिकडून नुसतं "हं" यायचं. मी मनाशी म्हणाले, ही संधी चांगली आहे. तोंड दिसत नाही, आवाज तेवढा जाईल. सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं होतं. एका दुपारी सुई तिकडे गेली ती परत येईना. मी वाट बघत राहिले.

"वैनी," पलीकडून आवाज आला. "त्ये पान्यानंच झालं न्हवं?"

इतके महिने जमवलेलं सगळं माझ्या ओठांवर होतं. पंखाच्या पांढऱ्या कापडाकडे बघत मी बसले.

"सुई द्या, भावजी," मी म्हणाले.

सुई आली. सरळ आली. मी गाठ मारली.

"दादा कायबी बोलला न्हाई मला," थोड्या वेळाने ते म्हणाले. "शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

मला त्या दुपारी जो संताप आला तो कुणावर काढावा हे कळेना. माणसाला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून तो रोज माझ्या हातचा चहा खाली मान घालून पीत होता. म्हणजे आता मला रागवायचीही सोय राहिली नाही. यांनी भावाची मान खाली जाऊ नये म्हणून तोंड बंद ठेवलं, आणि ती मान त्या दिवसापासून खालीच होती. दोघं भाऊ एकमेकांना जपत होते आणि मध्ये मी टाके घालत होते.

पंख झाले. पाऊस आला. पाऊस गेला. पंख कराडला नेऊन जोडले. तपासणीची तारीख पडली, पुढे गेली, पुन्हा पडली, पुन्हा पुढे गेली. तोवर यांच्या दाखल्याची मुदत भरत आली. पुण्याला पुन्हा तेच डॉक्टर, तोच जिना. त्यांनी हृदयाचा आलेख काढला, मग पुन्हा काढला. घाबरायचं काही कारण नाही म्हणाले. गोळ्या घ्या, रोज चाला, मीठ कमी करा. विमान मात्र चालवायचं नाही. या वर्षी नाही का, असं यांनी विचारलं. डॉक्टर यांच्याकडे न बघता नाही म्हणाले. येताना खंडाळा आलं आणि गेलं, गाडी थांबली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विमानाचा दाखला मिळाला. विमान पास झालं.

त्या खंडेनवमीला दिरांनी अख्खा ट्रॅक्टर बादली आणि फडक्याने पुसून काढला. पंप कोपऱ्यात कोरडा होता. मग आम्ही कराडला गेलो, तेव्हा ते कुंकवाची वाटी हातात धरून विमानापासून लांबच उभे राहिले आणि मला विचारलं, "कुठं लावू?" मी पुढच्या, इंजिनावरच्या पत्र्यावर बोट ठेवलं. तिथे त्यांनी एक टिकली लावली, अंगठ्याएवढी.

विमान उडवायला फ्लाइंग क्लबमधले एक शिक्षक आले. पहिलं उड्डाण त्यांनी एकट्याने केलं, नियमच तसा. विमान जमिनीवरून सुटलं तेव्हा मी ओरडले असेन. हे ओरडले नाहीत. पाठ करून, मान खाली घालून उभे राहिले, आणि ते परत उतरेपर्यंत आवाज ऐकत राहिले. जसं सगळं आयुष्य ऐकलं होतं तसंच.

शिक्षक म्हणाले, आता एकजण बसू शकेल. यांच्याकडे बघूनच म्हणाले. मीही म्हणाले, जा की. नुसतं शेजारी बसायला कुठला दाखला लागतो?

"शेजारी बसून काय करू?" हे म्हणाले. "न्हाई. मला न्हाई जमायचं ते." आणि भावाला म्हणाले, "तू बस रं."

दीर दोन पावलं मागे सरले. "मी? मी न्हाई. शिवलंय कुनी? वैनीस्नी बसवा."

मला त्या दोघांचाही अतोनात राग आला. ज्याला हवं होतं त्याने बसायचं नाही, ज्याला सांगितलं त्याने बसायचं नाही, आणि जिला कधीच नको होतं तिला पुढे ढकलायचं. पण शिक्षक दार धरून उभे होते. मी पदर खोचला आणि चढले.

वर गेल्यावर लोक खाली बघतात म्हणे. कृष्णा, ऊस, धुराडी, सगळं असणार. मी डोक्यावरच्या पंखाकडे बघत होते. रोगणाखाली माझे टाके उठून दिसत होते, ओळीने, बारीक फोडांसारखे. वारा त्यांच्यावरून जात होता आणि ते धरून होते. मग शिक्षक मोठ्याने म्हणाले, "काकू, दांडी धरा. घाबरू नका, मी आहे." माझ्या गुडघ्यांमध्ये दांडी होती, त्यांच्या दांडीबरोबर आपोआप हलणारी. मी ती धरली आणि त्यांनी आपले हात वर करून दाखवले. थोडा वेळ, खरंच थोडाच वेळ, ते विमान माझ्या हातात होतं. मला आनंद झाला नाही. माझ्या मनात एवढंच आलं, की हा हात चुकीचा आहे.

खाली वळताना धावपट्टीकडेला दोन माणसं दिसली. एक वर बघत होता. एकाची पाठ होती.

मी उतरले. हे पुढे आले. कसं वाटलं नाही, भीती वाटली का नाही, काही नाही.

"डावा पंख जड लागत हुता का?" यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं ते चिडायला. मग आठवलं. दांडी मला सारखी उजवीकडे धरून ठेवावी लागत होती.

"लागत होता," मी म्हणाले. "हात सैल केला की डावीकडे कलतं."

यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यभर खाली उतरणाऱ्या कितीतरी पायलटांकडे यांनी असंच पाहिलं असणार, उत्तर खरं धरून. मग हे पाना आणायला गेले. पंखाला खालून आधार देणाऱ्या नळीचा आटा थोडा फिरवायचा होता. दिरांनी न सांगता आधी हात पँटला पुसले, पंखाच्या टोकाखाली खांदा लावला आणि तो अलगद उचलून धरला, कापडाला बोट न लावता.

"परवा परत वर जायाला लागंल," हे आटा फिरवता फिरवता म्हणाले. "फरक पडला का न्हाई ते सांग."

म्हणजे आता हे माझ्या गळ्यात पडलं. तिथे यांनी बसायला हवं होतं, माझं तेवढंच म्हणणं होतं आणि आहे. पण मी परवा सकाळी लवकर आवरा, एवढंच म्हणाले, आणि खोचलेला पदर सोडला.